अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, डिल्टियाझेमने नाडी मंदावते: गोळ्या एकाच कुळातल्या, मग असं का?

बीपीची गोळी चालू असलेल्या कुणाचीही औषधांची पिशवी उघडा, तिच्यात अ‍ॅम्लोडिपिन सापडण्याची शक्यता दांडगी. कधी ते एकटं असतं, कधी टेल्मिसार्टनच्या जोडीला. गोळीच्या नावाच्या शेवटी ‘एएम’ अशी अक्षरं असली तर ती बहुधा त्याचीच. शेजारच्या आजोबांना ठोके अनियमित पडतात म्हणून डिल्टियाझेम चालू असतं. आणि फिशरच्या, म्हणजे गुदद्वाराशी पडलेल्या चिरेच्या, दुखण्यावर डॉक्टर जे मलम लिहून देतात, त्यातही बऱ्याचदा डिल्टियाझेमच असतं. बीपी, ठोके आणि फिशर, तिन्ही ठिकाणी कामाला येणारं हे औषधांचं कूळ एकच: कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर.

नावात कॅल्शियम दिसलं की घरात प्रश्न सुरू होतात. दूध बंद करायचं का? गुडघ्यांसाठी कॅल्शियमची गोळी घेतेय, ती चालेल का? हाडं ठिसूळ होतील का? याचं उत्तर आधीच देऊन टाकते. ही औषधं हाडांतल्या किंवा दुधातल्या कॅल्शियमच्या वाटेला जात नाहीत. रक्तातलं कॅल्शियम त्यांनी कमी होत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली नेहमीच्या मात्रेची कॅल्शियमची गोळी त्यांच्याबरोबर चालते. सीटी स्कॅनमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांत ‘कॅल्शियम साठलंय’ असं आलं असेल, तर ते साठलेलं कॅल्शियमही या गोळ्यांनी विरघळत नाही. त्यांचं काम चालतं ते स्नायूच्या पेशीवर, आणि तिथे कॅल्शियमची भूमिका हाडांतल्यापेक्षा अगदी निराळी आहे.

ती भूमिका पहिल्यांदा लक्षात आली ती एका चुकीमुळे. 1880 च्या सुमारास लंडनमधले डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून क्षारांच्या पाण्यात चालू ठेवण्याचे प्रयोग करत होते. हृदय छान धडधडत राहायचं. पुढे कळलं की द्रावण ऊर्ध्वपातित म्हणजे अगदी शुद्ध पाण्यात करायचं होतं, ते सहायकाने नळाच्या पाण्यात केलं होतं. मग रिंगरनी खरोखर शुद्ध पाणी वापरून पाहिलं. ठोके क्षीण होत गेले आणि थांबले. नळाच्या पाण्यात असं काय होतं? कॅल्शियम. शुद्ध पाण्याच्या द्रावणात थोडं कॅल्शियम घातलं आणि ते हृदय पुन्हा आकुंचन पावू लागलं. 1883 मध्ये रिंगरनी हे प्रसिद्ध केलं. दवाखान्यात सलाईनच्या बाटलीवर ‘आरएल’ लिहिलेलं असतं, त्यातला आर याच रिंगरांचा. त्या बाटलीत आजही कॅल्शियम असतं.

स्नायू आकुंचन पावायचा असेल तर पेशीच्या आत कॅल्शियम वाढावं लागतं. एरवी पेशी ते कसोशीने बाहेर ठेवते. पेशीबाहेरच्या द्रवात जितकं मोकळं कॅल्शियम असतं, त्याच्या साधारण दहा हजारावा भाग आत असतो. एवढी तफावत असल्यामुळे वाट मिळाली की कॅल्शियम आपोआप आत शिरतं. ही वाट म्हणजे पेशीच्या आवरणातलं एक प्रथिन, कॅल्शियम चॅनेल. आवरणाच्या दोन्ही बाजूंमधला विद्युतदाब बदलला की ते क्षणभर उघडतं आणि मिटतं. अशा चॅनेलचे प्रकार बरेच आहेत. आपल्या गोळ्या ज्याला धरतात तो एल-प्रकार.

इथून पुढे थोडं सावकाश वाचा, कारण या गोळ्यांचे सगळे गुणदोष यातूनच निघतात. शरीरातले सगळे स्नायू या चॅनेलवर सारखे अवलंबून नसतात.

हातापायाच्या स्नायूंकडे कॅल्शियमचा स्वतःचा साठा असतो. तिथलं चॅनेल विद्युतदाबातला बदल टिपून आतला साठा मोकळा करायला लावतं. आकुंचनासाठी बाहेरून कॅल्शियम यावं लागत नाही. म्हणून अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्या माणसाच्या दंडातला जोर जात नाही.

हृदयाच्या स्नायूंनाही साठा असतो, पण तो उघडायला बाहेरून थोडं कॅल्शियम आत यावंच लागतं. आलेलं थोडं कॅल्शियम आतलं पुष्कळ कॅल्शियम सोडवतं आणि ठोका पडतो. बाहेरचं येणं कमी झालं, तर ठोक्याचा जोर कमी होतो.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचा थर असतो. त्याचा आतला साठा तुटपुंजा. एल-चॅनेलमधून झिरपत येणाऱ्या कॅल्शियमवर हा स्नायू सतत थोडा ताणलेला राहतो. ती आवक घटली की भिंत सैलावते. गुदद्वाराभोवतीचा आतला स्नायूही याच जातीचा असतो. म्हणून फिशरमध्ये डिल्टियाझेमचं मलम लावल्यावर तो आवळलेला स्नायू सैल पडतो, रक्तपुरवठा सुधारतो आणि जखम भरायला मदत होते.

चौथी जागा सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी. हृदयाचा ठोका जिथे जन्मतो तो सायनस नोड, आणि वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाताना संदेश जिथे थोडा थबकतो तो एव्ही नोड. हृदयाच्या इतर पेशींत विद्युतसंदेशाची उसळी सोडियममुळे येते. या दोन गाठींत ती येते कॅल्शियममुळे. म्हणजे इथलं चॅनेल अडवलं की जोराचा प्रश्न बाजूला राहतो आणि ठोक्यांचा वेगच बदलतो.

1960 च्या दशकात जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये अल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन हृदयाच्या स्नायूंवर नव्या औषधांचे परिणाम तपासत होते. व्हेरापामिल दिल्यावर स्नायू असा वागायचा की जणू त्याचं कॅल्शियम काढून घेतलंय. वरून जास्त कॅल्शियम दिलं की तो पूर्ववत व्हायचा. कॅल्शियमचा शिरकाव रोखणारा औषधांचा एक स्वतंत्र गट आहे, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. नंतर निफेडिपिन आलं, जपानमध्ये डिल्टियाझेम तयार झालं, आणि 1990 च्या आसपास अ‍ॅम्लोडिपिन बाजारात उतरलं.

ही सगळी औषधं एकाच चॅनेलला धरतात, पण तीन वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी. अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन, सिल्निडिपिन, फेलोडिपिन या ‘-डिपिन’ मंडळींना मिटून निष्क्रिय झालेलं चॅनेल जास्त मानवतं. चॅनेल या अवस्थेत जास्त वेळ कुठे सापडतं? जिथे पेशीचा विश्रांतीचा विद्युतदाब फारसा ऋण नसतो तिथे. हृदयाच्या स्नायूत तो उणे 80 ते 90 मिलीव्होल्टच्या घरात असतो, रक्तवाहिनीच्या स्नायूत उणे 40 ते 60 च्या. म्हणून ‘-डिपिन’ औषधं रक्तवाहिन्यांना पकडतात आणि नेहमीच्या मात्रेत हृदयाला जवळजवळ सोडून देतात.

व्हेरापामिलची तऱ्हा उलटी. ते उघड्या चॅनेलमधून आत शिरून चिकटतं. चॅनेल जितकं जास्त वेळा उघडेल, तितकी त्याची पकड घट्ट. म्हणजे हृदय जोरात पळत असेल तेव्हा एव्ही नोडवर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त. डिल्टियाझेम या दोघांच्या मधलं: रक्तवाहिन्या काही प्रमाणात सैल करतं आणि नाडीही मंद करतं.

आता रक्तवाहिन्यांकडे जाऊ. बीपी ठरवण्यात मोठा वाटा असतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक धमन्यांचा. नळीतून रक्त जाताना होणारा विरोध तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. त्रिज्या फक्त 10 टक्के वाढली तरी विरोध जवळपास 32 टक्क्यांनी उतरतो. अ‍ॅम्लोडिपिनच्या 5 मिलिग्रॅमच्या इवल्याशा गोळीचा बीपीवर एवढा परिणाम का दिसतो, त्याचं रहस्य या चौथ्या घातात आहे. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्याही सैलावतात. काही जणांना श्रम न करताही, बऱ्याचदा पहाटे, छातीत दुखतं, कारण हृदयाची धमनी अचानक आवळते. त्या अंजायनावर ही औषधं फार चांगली लागू पडतात. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाल्यावर तीन आठवडे जे निमोडिपिन देतात, तेही याच कुळातलं.

पण बीपी झपकन उतरलं तर शरीर गप्प बसत नाही. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब मोजणाऱ्या जागा मेंदूला खबर देतात आणि हृदय जोरात पळायला लागतं. चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, धडधड या तक्रारी तिथून येतात. निफेडिपिनच्या जुन्या झटपट कॅप्सूलमध्ये हे फार व्हायचं. बीपी खूप वाढलेलं दिसलं की ती कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची, अशी पद्धत एके काळी सर्रास होती. आकडा पटकन खाली यायचा, सगळ्यांना बरं वाटायचं. पण वर्षानुवर्षं जास्त दाबाची सवय झालेल्या मेंदूला आणि हृदयाला तो दाब एकदम काढून घेतलेला सोसत नाही. त्यातून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याची उदाहरणं जमा झाली. 1997 च्या अमेरिकी बीपी मार्गदर्शक सूचनांनी ही पद्धत साफ नाकारली. तरीही घरच्या मशीनवर 180 दिसलं की शेजारच्याकडची एखादी गोळी चावून टाकणारी माणसं आजही भेटतात, आणि मला त्याची खरोखर भीती वाटते. छातीत दुखत असेल, बोलणं अडखळत असेल, धाप लागत असेल तर गोळी शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा. यातलं काहीच नसेल, तर शांत बसून थोड्या वेळाने पुन्हा मोजा आणि आपल्या डॉक्टरांना फोन करा.

अ‍ॅम्लोडिपिन इतकं लोकप्रिय झालं ते त्याच्या संथपणामुळे. रक्तातली त्याची पातळी कळसाला पोहोचायला 6 ते 12 तास लागतात आणि अर्धी व्हायला 30 ते 50 तास. म्हणून दिवसातून एक गोळी पुरते, धडधड कमी होते, एखाद्या दिवशी गोळी राहिली तरी बीपी लगेच उसळत नाही. राहिलेली भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, एवढं मात्र पाळायचं. याच संथपणामुळे पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दीड आठवडा जातो. तिसऱ्या दिवशी मशीन लावून ‘गोळी लागू पडत नाही’ असा निकाल देऊ नका.

आता पायांच्या सुजेबद्दल. संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर इलॅस्टिकचा खोल वळ उमटलेला दिसतो. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला तर खड्डा पडतो आणि तो सावकाश भरतो. सकाळी उठल्यावर सूज बरीच ओसरलेली असते. हे बघून घरच्यांच्या मनात पहिली शंका येते ती किडनीची. पण अ‍ॅम्लोडिपिनमुळे आलेली सूज ना किडनीची असते, ना अंगात मीठ-पाणी साठल्याची. हे औषध धमन्या सैल करतं, शिरा मात्र जवळजवळ तशाच राहतात. पाटाची वरची मोरी मोठी उघडावी आणि खालची तेवढीच ठेवावी, तसं होतं: पाणी मधल्या बांधातून शेतात झिरपायला लागतं. इथे बांध म्हणजे केशवाहिन्यांच्या पातळ भिंती. त्यांच्यातला दाब वाढतो आणि द्रव ऊतींमध्ये उतरतो. उभं राहिल्यावर घोट्यांवर सगळ्यात जास्त भार, म्हणून सूजही तिथेच.

कारण एकदा कळलं की उपायही कळतो, आणि नेमकी तिथेच गफलत होते. सूज दिसली की लघवी वाढवणारी गोळी सुरू केली जाते. साठलेलं पाणी हे मूळ कारणच नसल्यामुळे तिचा उपयोग बेताचाच होतो. वर पोटॅशियम घटतं, म्हाताऱ्या माणसाला रात्री चार वेळा उठावं लागतं, अंधारात पडण्याचा धोका वाढतो. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध चढवायचं, या साखळीचं हे नेहमी दिसणारं उदाहरण. खरे उपाय वेगळे आहेत. 10 मिलिग्रॅमवरून 5 वर येणं हा एक, कारण ही सूज मात्रेबरोबर वाढते. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखं औषध जोडणं हा दुसरा. ती शिरांच्या बाजूच्या बारीक वाहिन्याही सैल करतात, म्हणजे खालची मोरीही थोडी उघडते. बीपीच्या गोळ्या जोडीने देण्यामागचं हे एक चांगलं कारण आहे. आपल्याकडे अलीकडे सिल्निडिपिन बरंच वापरतात. ते एल-चॅनेलबरोबर मज्जातंतूंच्या टोकांवरचं एन-चॅनेलही अडवतं आणि त्याने सूज कमी येते. यातलं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. मात्र सूज एकाच पायाला असेल आणि तो पाय दुखत, तापत असेल, किंवा आडवं झाल्यावर दम लागत असेल, किंवा सकाळी चेहरा सुजलेला दिसत असेल, तर अ‍ॅम्लोडिपिनला दोष देऊन वाट बघू नका. अशी सूज लगेच तपासायला हवी.

हृदयाच्या बाजूची कथा व्हेरापामिल आणि डिल्टियाझेमची. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला 350 ते 600 वेळा थरथरतात. ते सगळे संदेश खाली पोहोचले तर माणूस जगणार नाही. एव्ही नोड त्यातले थोडेच पुढे जाऊ देतो, आणि ही औषधं त्याला आणखी मंद करतात. थरथर थांबत नाही, पण नाडी आटोक्यात येते. एव्ही नोडमधून फिरणाऱ्या चक्रामुळे काहींचं हृदय अचानक 180 च्या वेगाने पळायला लागतं. तिथे शिरेतून दिलेलं व्हेरापामिल ते चक्रच तोडू शकतं.

याच गुणामुळे ती जपून वापरावी लागतात. मेटोप्रोलोल, अटेनोलोल ही ‘-लोल’ औषधंही नाडी मंद करतात. त्यांच्यासोबत व्हेरापामिल गेलं तर एव्ही नोड इतका मंदावू शकतो की वरचा संदेश खाली पोहोचतच नाही. त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. नाडी 40 वर येते आणि भोवळ येऊन माणूस पडतो. हृदयाची पंप करण्याची ताकद आधीच घटलेली असेल, म्हणजे एकोच्या रिपोर्टमध्ये ‘ईएफ’ 40 च्या खाली असेल, तर डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल टाळतात, कारण उरलासुरला जोरही ती काढून घेतात. अशा रुग्णाला बीपीसाठी गरज पडलीच तर अ‍ॅम्लोडिपिन चालू शकतं. म्हणून ‘दोन्ही कॅल्शियम चॅनेल ब्लॉकरच, एक नाही मिळालं तर दुसरं द्या’ हे औषधाच्या दुकानात कधीही चालवून घेऊ नका.

या औषधांनी खरंच माणसं वाचतात का, हा प्रश्न रास्त आहे. 1990 च्या दशकात निफेडिपिनच्या झटपट रूपामुळे सगळ्या कुळावरच संशय आला होता. 1997 मध्ये युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत वरचं बीपी वाढलेल्या वयस्कांना नायट्रेंडिपिनपासून उपचार दिले, तेव्हा पक्षाघात 42 टक्क्यांनी कमी झाले. 2002 च्या अमेरिकी चाचणीत तेहेतीस हजारांहून जास्त लोक होते. तिथे अ‍ॅम्लोडिपिन हृदयविकाराच्या झटक्यांपासून जुन्या, स्वस्त क्लोरथॅलिडोनइतकंच संरक्षण देतं असं दिसलं, मात्र हार्ट फेल्युअर अ‍ॅम्लोडिपिनवाल्यांत जास्त आढळलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात. भारतात 2017 मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठरलेल्या, साध्या पायऱ्यांनी उपचार द्यायचे, ही त्यामागची कल्पना, आणि त्या पायऱ्यांत अ‍ॅम्लोडिपिनला महत्त्वाचं स्थान आहे. गरोदरपणात बीपी चढलं तर निफेडिपिन हे मोजक्या मान्य औषधांपैकी एक आहे, अर्थात गिळायच्या रूपात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

काही लहान पण उपयोगी गोष्टी. व्हेरापामिलने बद्धकोष्ठता होते, कारण आतड्याचा स्नायूही अनैच्छिकच. ‘-डिपिन’ औषधांनी क्वचित हिरड्या वाढतात, दातांवर चढल्यासारख्या दिसतात. दाताच्या डॉक्टरांना चालू गोळ्यांची नावं सांगा. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर अ‍ॅम्लोडिपिन, डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिलबरोबर त्याची मात्रा मर्यादित ठेवावी लागते. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक यकृतातलं, ही औषधं मोडणारं एन्झाइम अडवतं. त्या काळात रक्तातलं औषध वाढून बीपी फार उतरू शकतं, विशेषतः वयस्कांचं.

त्याच एन्झाइमची एक फळाशीही गाठ आहे. कॅनडातल्या संशोधकांना फेलोडिपिन आणि दारूचा एकत्र परिणाम तपासायचा होता. दारूची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं आणि दोष रसाचा ठरला. 1991 मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपल्याकडे ग्रेपफ्रूट फारसं खाल्लं जात नाही, पण पपनस त्याच गोतातलं. फेलोडिपिन, निफेडिपिन किंवा व्हेरापामिल चालू असलेल्यांनी ग्रेपफ्रूट टाळावं आणि पपनसाबद्दलही डॉक्टरांना विचारून घ्यावं. अ‍ॅम्लोडिपिनवर या रसाचा परिणाम अगदी थोडा होतो. संत्री-मोसंबी मात्र सगळ्यांना चालतात.